रसग्रहणाचा साचा आणि कवितेचे व्याकरण

आपल्या विद्यापीठांतून ‘रसग्रहण’ या नावाखाली जे लिहिले व लिहविले जाते, त्याचा कवितेच्या वाचनाशी फारसा संबंध उरलेला नाही, हे आता स्पष्टपणे म्हटले पाहिजे. मध्यवर्ती कल्पना, प्रतिमासृष्टी, भाषाशैली अशा ठरीव कप्प्यांत कविता वाटून दिली की विवरण पुरे झाले, असा समज रूढ आहे. एका कवितेवरचे असे विवरण दुसरीखाली डकवले तरी काही बिघडत नाही. हाच त्याच्या निरर्थकतेचा पुरावा होय.

मर्ढेकरांच्या ‘कांही कविता’ (१९४७) मधील पिंपातल्या उंदरांची कविता घेऊ. ‘यंत्रयुगाने चिरडलेल्या माणसाचे प्रतीक’ हा शेरा इतका पाठ झाला आहे की संहितेकडे पाहण्याची गरजच वाटेनाशी झाली आहे. परंतु पहिल्याच ओळीतील ‘ओल्या’ हे विशेषण सामान्यरूपात आहे. उंदरांचे असते तर ते ‘ओले’ झाले असते. व्याकरणाने ते पिंपाचे. तरीही कवीने ते पिंपापासून तोडून, क्रियापदापलीकडे, उंदरांच्या लगत ठेवले आहे. ओल पिंपाची, पण ती झिरपते मेलेल्या देहांत. पुढे माना पडल्याचे विधान दोनदा येते. एकदा मुरगळण्याच्या, एकदा आसक्तीच्या अभावासह. दोन्हीकडे ‘विण’ हे एकच शब्दयोगी अव्यय. त्यामुळे हिंसेचा नकार व वासनेचा नकार एका पातळीवर येतात आणि मृत्यू व मीलन यांतील अंतर मिटते. मग जगण्यामरण्याच्या सक्तीचा उच्चार होतो. ‘आसक्ती’च्या पोटात ‘सक्ती’ होतीच. पण सक्ती करणारा कोण, हे कविता सांगत नाही. रूढ शेरा ही मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा ‘यंत्रयुग’ या शब्दाने परस्पर भरून टाकतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे: हे तर रिचर्ड्‌सचे (१९२९) आणि ब्रुक्सचे जुने, इतिहासविन्मुख खूळ! नवसमीक्षेने संहितेभोवती कुंपण घातले, हा दोष मान्यच केला पाहिजे. परंतु ब्रुक्सने १९४७ मध्येच कवितेच्या सारलेखनाला पाखंड म्हटले होते, आणि आज विखंडन, स्त्रीवाद, देशीवाद यांच्या चिठ्ठ्या डकवणारे अनेकजण तेच पाखंड नव्या परिभाषेत करीत आहेत. सिद्धांताला विरोध नाही; संहितेला वळसा घालणाऱ्या सिद्धांताला आहे. कवितेत इतिहास शिरतो तो शब्दांतूनच. निनावी सक्तीचा अनुभव कोणत्या काळाचा, हा प्रश्न ‘सक्ती’ला कर्ता नाही हे पाहिल्यावाचून विचारताच येत नाही.

म्हणून विवरणाला एकच कसोटी लावावी. कोणता शब्द बदलला असता माझे विधान कोसळेल, हे लेखकाने सांगितलेच पाहिजे. ‘ओल्या’च्या जागी ‘ओले’ घालून पाहा. वरील वाचन तत्काळ ढासळेल. ‘यंत्रयुगाचे प्रतीक’ मात्र जसेच्या तसे उभे राहील. जे विवरण कवितेतील शब्द बदलूनही टिकते, ते त्या कवितेविषयी काहीही सांगत नसते.