हजार प्रतिसाद, साक्षीदार एक

#थ्रेड

१/ इंदापूरच्या मालोजीराजांच्या गढीवर कोणी चार ओळी लिहिल्या की मिनिटभरात प्रतिसाद येऊ लागतात: माहिती अप्रतिम, वारसा प्रेरणादायी, कार्य मोलाचे. व्याकरण निर्दोष, सूर आदबशीर, आणि मजकूर म्हणजे मूळ पोस्टच शब्द फिरवून परत केलेली. त्यांतले पुष्कळसे माणसाने लिहिलेलेच नसतात.

२/ यामागचा हिशेब साधा आहे. एआय साधन पोस्ट वाचते, तिला साजेशी दोन वाक्ये जुळवते आणि खात्याच्या नावाने टाकते. एक्सने २०२३ मध्ये प्रतिसादांमध्ये दिसणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा खातेधारकांना देण्यास आरंभ केला. तेव्हापासून प्रतिसादांची गर्दी हीच कमाई झाली. स्तुतीने कोणाचे काय बिघडते, असे यावर विचारले जाते. इतिहासाचे बिघडते. कसे, ते शिवजन्मतिथीच्या वादावरून उमगते.

३/ मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीत (सुमारे १८१०) जन्मशक १५४९, म्हणजे इ.स. १६२७. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासातही १६२७. पुढची चरित्रे, पाठ्यपुस्तके, व्याख्याने बहुतांशी त्याच वाटेने गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी हात वर करून निकाल लावला असता, तर १६२७ ला प्रचंड बहुमत मिळाले असते.

४/ १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातल्या या नोंदींत तिथी होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया: १९ फेब्रुवारी १६३०. पुढे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त तीच तिथी आढळली, जोधपूरला मिळालेल्या कुंडलीनेही तिलाच दुजोरा दिला. मावळातले देशमुखी घराणे, एक संस्कृत कवी आणि दूर राजपुतान्यातला कुंडलीसंग्रह. शासनमान्यतेला मात्र २००१ साल उजाडले.

५/ १६२७ च्या बाजूला पुस्तकांचा ढीग होता, पण तो मुख्यतः उत्तरकालीन बखरींच्या परंपरेतून वाढलेला. एकाच मुळावरून उतरलेल्या शंभर नकला म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत.

६/ यंत्राच्या प्रतिसादांना हाच नियम लावून पाहावा. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, असे ‘शिवभारत’ सांगते. पण त्यांच्या मृत्यूचे साल निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळे आहे, आणि फरक दहा वर्षांहून अधिक. पोस्ट लिहिणाऱ्याने त्यांतले एक साल ठामपणे दिले की यंत्र तेच साल प्रत्येक खात्याच्या तोंडून वदवते. वाद आहे याचा मागमूसही उरत नाही. नवख्या वाचकाला वाटते, इतके लोक म्हणतात त्या अर्थी खरेच असणार. शोधयंत्रे आणि उद्याची एआय मॉडेले तोच मजकूर वेचतात, आणि नकलेची नक्कल सुरू होते. बखरकाराला निदान नाव होते, धनी होता; त्याचा कल कोणीकडे हे ताडता येत असे.

७/ खरी हानी याहून लहान आणि अधिक दुःखद आहे. इंदापूरचाच कोणी ‘ती भिंत जुनी नाही, आमच्या डोळ्यांदेखत बांधली’ असे लिहितो, तेव्हा त्याचे ते अडखळते वाक्य चाळीस गुळगुळीत वाक्यांखाली गाडले जाते. त्या सगळ्या गर्दीत नवे साधन कदाचित तेवढेच असते. (त्याने प्रमाण मराठीसाठी एआयची मदत घेतली, तर ती गोष्ट निराळी. म्हणणे त्याचे, जबाबदारीही त्याचीच.)

८/ शेजारच्या बारामतीत कृषी विज्ञान केंद्राने एआयच्या साहाय्याने ऊस घेऊन दाखवला आहे. पाणी किती, खत केव्हा, हे तिथे यंत्र सुचवते. पण ऊस अखेर काट्यावर जातो. सल्ला चुकला तर टनात कळते. प्रतिसादाला काटा कोण लावणार? हे काम इतिहासाची खाती चालवणाऱ्यांनाच करावे लागेल.

९/ यंत्राची स्तुती त्यांनी काढून टाकावी. आकडा घसरेल, आणि तो घसरू द्यावा. ज्या प्रतिसादात साल, गाव, घराणे किंवा आक्षेप असेल, त्याला विचारावे: हे कुठे वाचले, कोणाकडून ऐकले? यंत्र याचेही उत्तर देईल, प्रसंगी अस्तित्वातच नसलेला ग्रंथ सांगेल. तेव्हा पृष्ठक्रमांक मागावा, आणि ग्रंथ मिळवून ते पान स्वतः उघडून पाहावे.