जळणाऱ्या मोटारींचा भुर्दंड कोणी सोसायचा?

रब्बीची पिके भरात आली आणि विहिरींचे पाणी खाली गेले, की तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगच्या दुकानांपुढे जळालेल्या मोटारी येऊन पडू लागतात. हे दृश्य आता इतके अंगवळणी पडले आहे, की मोटार जळणे ही पाऊस चुकण्यासारखीच एक आपत्ती असल्याचे शेतकऱ्यापासून शासनापर्यंत सर्वांनी गृहीत धरलेले दिसते. वस्तुतः मोटार दैवयोगाने जळत नाही. ती प्रमाणाबाहेर तापते म्हणून जळते, आणि ती उष्णता सोसण्याची किंवा वेळीच थांबण्याची सोय तिच्यात असावी की नसावी, हे कारखान्यात ठरते.

यामागील शास्त्र अवघड नाही. विजेचा दाब उतरला, तरी तेवढेच पाणी चढविण्यासाठी मोटार अधिक प्रवाह ओढते आणि वाइंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब २० टक्क्यांनी घटला तर प्रवाह सुमारे सव्वापट आणि उष्णता दीडपटीहून अधिक होते. तीनपैकी एक फेज गेला आणि मोटार तशीच फिरत राहिली, तर ही उष्णता सुमारे तिप्पट होते. पाण्याने भरलेल्या पाणबुडी मोटारीच्या तारांवर बहुधा पीव्हीसीचे आवरण असते व साधे पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसच्या पुढे फार काळ टिकत नाही. तापमान मर्यादेबाहेर १० अंशांनी वाढले की आवरणाचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे.

पाणबुडी मोटार थंड राहते ती तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यामुळे. अरुंद बोअरमध्ये झरा खाली असेल, तर पाणी मोटारीला घासतच वर पंपाच्या तोंडाशी जाते. परंतु रुंद विहिरीत, किंवा झरा पंपाच्या वर असलेल्या बोअरमध्ये, मोटारीभोवतीचे पाणी जवळजवळ स्थिर राहून तापत जाते. मोटारीभोवती एक साधे नळकांडे बसविले, की पंपाकडे जाणाऱ्या पाण्याला मोटारीवरूनच जावे लागते. याच्या जोडीला वाइंडिंगमध्ये तापमान ओळखणारे उपकरण आणि फेज गेल्यास किंवा विहीर आटल्यास पंप आपोआप बंद करणारी व्यवस्था दिली, तर बहुसंख्य मोटारी वाचू शकतील. यांपैकी एकही गोष्ट नवा शोध नव्हे.

मग या सोयी सर्रास का आढळत नाहीत? याचे उत्तर यंत्रशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की मालाचा खरा दर्जा ग्राहकाला खरेदीच्या वेळी दिसत नसेल, तर चांगला माल बाजारातून हटत जातो. पंपांची गत याहून वेगळी नाही. दुकानात दिसतात अश्वशक्ती आणि किंमत. आतील आवरण आणि उष्णतेपासूनचे संरक्षण दिसत नाही. त्यामुळे त्यावर खर्च करणारा उत्पादक महाग ठरतो, तर काटकसर करणाऱ्याचा माल खपतो. त्या काटकसरीचे बिल पुढे शेतकऱ्याच्या नावावर फाटते. त्यात रिवाइंडिंगच्या मजुरीबरोबरच पाळी चुकून वाळलेल्या पिकाचे नुकसानही धरले पाहिजे. शिवाय जुनी तार काढताना मोटारीचा गाभा बेसुमार तापविला गेला, तर दुरुस्त मोटार पूर्वीपेक्षा अधिक वीज खाते आणि अधिक तापते.

शेतकरी स्टार्टरमधील रिले निकामी करून ठेवतो, मग मोटार जळणारच, असे सांगितले जाते. हे अनेकदा खरेही असते. तथापि मोजके तास येणारी वीज आणि वारंवार बंद पडणारा पंप यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला त्या घटकेला पिकाचे पाणी मोटारीच्या आयुष्यापेक्षा मोलाचे वाटणे स्वाभाविक आहे. महावितरणने दाब योग्य राखला पाहिजे, यातही शंका नाही. परंतु जे यंत्र ग्रामीण वीजवाहिनीवरच चालायचे आहे, त्याची रचना त्या वाहिनीचे दोष गृहीत धरूनच व्हावयास हवी.

शासनाचे लक्ष मात्र आजवर मुख्यतः विजेच्या बिलाकडे राहिले आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे मोफत वीज देण्याचा निर्णय झाला. त्यातून रिवाइंडिंगचा खर्च भागत नाही. केंद्राची तारांकन योजना २००६ साली सुरू झाली. पंपांनाही लागू असलेले हे तारे कार्यक्षमता सांगतात, टिकाऊपणा सांगत नाहीत. याउलट २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पुरवठादारावर पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी आहे. ज्याला दुरुस्तीचा खर्च स्वतः सोसावा लागतो, तो मोटार थंड ठेवण्याची काळजीही स्वतःच घेतो, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

हेच तत्त्व विजेवरील पंपांना लागू करावयास हवे. जळालेल्या वाइंडिंगचा समावेश असलेली किमान तीन वर्षांची हमी, कमी दाबावरील चाचणीचा निकाल पंपावर छापण्याची सक्ती आणि संरक्षक उपकरणे पंपासोबतच देण्याचे बंधन, अशा तीन अटी घातल्या तर पंपाची किंमत काहीशी वाढेल, हे मान्य केले पाहिजे. ती वाढ लहान शेतकऱ्याला जड जाऊ नये म्हणून अनुदान द्यावे लागले, तरी ते एकदाच द्यावे लागेल. किर्लोस्करवाडी, कोइमतूर आणि राजकोट येथे पंपनिर्मितीचे दीर्घ कौशल्य असलेल्या या देशात असा पंप घडविणे अशक्य नाही. तो न घडविण्यात आज कोणाचेच नुकसान होत नाही, शेतकऱ्याखेरीज. ही व्यवस्था बदलणे हे शासनाचे काम आहे.