अवेळी पडलेला बर्फ आणि आमची उधारी

कांदिवलीत बर्फ पडत नाही. आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा किंवा मासळीच्या टोपलीतला. तरीही काश्मीर खोऱ्यात बर्फ लवकर पडला की त्याची थंडी आमच्या खतावणीपर्यंत येऊन पोहोचते. उत्तरेकडे माल पाठवणाऱ्या कापडवाल्यांना हे ठाऊक आहे. नव्याने तिकडे माल पाठवू लागलेल्या तरुण व्यापाऱ्यांना मात्र ते सांगणे आम्हाला जरूर वाटते, कारण हे ज्ञान आम्हाला फुकट मिळालेले नाही.

काश्मिरी माणसाचे थंडीचे पंचांग पक्के असते. २१ डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होतो. हे चाळीस दिवस कडाक्याचे. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. या दिवसांत बर्फ पडला तर तिकडे कोणी तक्रार करीत नाही. तोवर भाज्या वाळवून ठेवलेल्या असतात, कांगडीसाठी कोळसा भरलेला असतो, आणि सफरचंदाची झाडे पाने गाळून उघडी झालेली असतात. बर्फ हा त्यांचा पाहुणा आहे, पण तो ठरलेल्या दिवशी यावा लागतो.

३ नोव्हेंबर २०१८ रोजी तो सात आठवडे आधी आला, आणि पुढच्याच वर्षी ७ नोव्हेंबर २०१९ रोजी पुन्हा तसाच आला. दोन्ही वेळा खोऱ्यातील बागांचे भारी नुकसान झाले, विजेच्या तारा तुटल्या आणि श्रीनगर-जम्मू महामार्ग बंद पडला. जानेवारीतील चार फूट बर्फापेक्षा नोव्हेंबरातील एक फूट अधिक नुकसान का करतो, हे आम्हालाही प्रथम समजले नव्हते. कारण साधे आहे. लवकर पडणारा बर्फ ओला असतो, म्हणून वजनाने जड. शिवाय झाडांवर पाने अजून असतात आणि उशिरा तयार होणारी फळेही काही ठिकाणी असतात. उघड्या फांदीवरून जो बर्फ घसरून पडला असता तो पानांवर साचतो. झाड वाकते, फांदी मोडते, कित्येकदा खोडच मधून चिरते. जुन्या जातीच्या झाडाला फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात. म्हणजे एका रात्रीत एक हंगाम जात नाही, पुढचे अनेक हंगाम जातात.

आता कोणी म्हणेल, सफरचंदवाल्यांचे दुःख वाशीच्या फळबाजाराला विचारा, कापडवाल्यांचा संबंध काय? संबंध सरळ आहे. देशातील बहुतेक सफरचंद काश्मीरचे. खोऱ्यातील खेड्यापाड्यांत पैसा येतो तो या फळाच्या पेट्या विकल्यावर. त्या पैशातून घराची दुरुस्ती, मुलीचे लग्न आणि कपडालत्ता होतो. सोपोर-शोपियानचा बागवाला कापड घेतो तेव्हा श्रीनगरच्या दुकानदाराची विक्री होते, आणि तो दुकानदार आमचे बिल चुकते करतो. आमच्याकडून ड्रेस मटेरियलचे गठ्ठे सप्टेंबरात निघतात आणि पैशांचा वायदा नोव्हेंबर-डिसेंबरचा असतो. म्हणजे आमची उधारी सफरचंदाच्या फांदीवर टांगलेली असते. फांदी मोडली की उधारी खाली येते. आपल्या मराठवाड्यातही हेच होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने उभी पिके झोपवली, तेव्हा तेथील कापड दुकानदारांचे वायदेही झोपले होते.

दोन बर्फ, दोन वागणुका

आमची चूक आम्ही आधी सांगतो. २०१८ च्या बर्फानंतर तिकडच्या एका पार्टीने दोन महिन्यांची मोहलत मागितली. आमच्याकडे त्यांचा पुढील तारखेचा चेक होता. आमच्यावरही देण्याचा दाब होता, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्याच्या बर्फाचे वजन आम्हाला येथे बसून कळले नाही. आम्ही चेक बँकेत टाकला. तो परत आला. मग नोटीस, मग वकील, मग मध्यस्थ. वर्षभराने अर्ध्या रकमेवर तोडपाणी झाले, त्यातून वकिलाची फी गेली. बारा वर्षांचे गिऱ्हाईक गेले ते कायमचे. कायद्याने आम्ही बरोबर होतो, हिशोबाने मात्र साफ चुकलो.

२०१९ ला परिस्थिती अधिक बिकट होती. ऑगस्टपासून खोऱ्यात बाजार बंद होते, फोन बंद होते. १४ ऑक्टोबरला पोस्टपेड मोबाइलवर बोलणे सुरू झाले, इंटरनेट तर बंदच होते. अशात नोव्हेंबरचा बर्फ कोसळला. दुसऱ्या एका पार्टीचा फोन त्या आठवड्यात आला. आम्ही करण्याआधी त्यांनी केला, ही गोष्ट महत्त्वाची. ते म्हणाले, “भाईसाहेब, रक्कम बुडणार नाही, पण वेळेवर येणार नाही. दुकानात तुमचा इतका माल शिल्लक आहे, इतका विकला आहे. बोला, काय करू?” आदल्या वर्षीचा धडा ताजा होता. आम्ही मार्चपर्यंत मोहलत दिली, हप्ते ठरवले, कागदावर लिहून घेतले आणि एक रुपयाही वाढवला नाही.

पुढे काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे. मार्च २०२० मध्ये सारा देशच बंद झाला. आमचे दुकान बंद, कटिंग-शिलाई बंद, कारागीर खोल्यांत बसून. एप्रिलच्या अखेरीस रमजान लागला आणि आमच्या हातात मजुरी द्यायला पैसा नव्हता. त्या दिवसांत श्रीनगरहून हप्ता आला. पूर्ण नव्हता, पण आला. त्यांचेही दुकान बंदच होते. त्या पैशांतून आम्ही कारागिरांची थकलेली मजुरी दिली. ज्याला आम्ही मोहलत दिली असे समजत होतो, त्याने आम्हाला सावरले. मोहलत हा दानधर्म आहे असे मानणाऱ्यांनी यावर विचार करावा. व्यापारात मोहलत ही एक ठेव आहे. ती कोणत्या दिवशी परत मिळेल हे मात्र पासबुकात लिहिलेले नसते.

आणि आम्ही तरी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होतो? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पोयसर नदीचे पाणी आमच्या गोदामात कमरेपर्यंत चढले. खालच्या रांगांतील सर्व तागे चिखलात गेले. त्या वेळी भिवंडीच्या एका ग्रे कापडवाल्याने आमचे बिल सहा महिने पुढे ढकलले. त्याने कधी पाऊस मोजून पाहिला नाही. फक्त इतकेच विचारले, “उरलेला माल उचलायला टेम्पो पाठवू का?”

मोहलत कशी द्यावी

पण मोहलत म्हणजे आंधळेपणा नव्हे. बर्फाचे निमित्त करून पैसे दाबणारेही आहेत. ओळखावे कसे? आमची कसोटी अशी. ज्याची नियत साफ आहे तो फोन उचलतो, शिल्लक माल किती ते सांगतो आणि थोडी का होईना रक्कम पाठवतो. ज्याची नियत बिघडली आहे तो बर्फाचे फोटो पाठवतो, आकडे पाठवत नाही. पहिल्याला वेळ द्यावा, दुसऱ्याला नवा माल देऊ नये.

दुसरे, मोहलत तोंडी देऊ नये. नवी तारीख, हप्त्यांची रक्कम आणि परत घ्यायचा माल हे सर्व लिहून दोघांनी सही करावी. हात उसने देताना लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला आहेच, मग धंद्यात लाज कसली? मुदत वाढवली म्हणून बिलात रुपया वाढवू नये. त्याला दंड म्हणा, खर्च म्हणा, ते व्याजच झाले.

तिसरे, कायद्याची बाजू पाहावी. जीएसटीत बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला त्या बिलावर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते. म्हणून हप्ते शक्यतो या मुदतीत बसवावेत. आमच्या बाजूला दुसरी कात्री आहे. लहान कारखानदाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तो खर्च, पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी आयकरात वजा मिळतो. यंत्रमागवाल्याच्या दृष्टीने हा नियम न्याय्य आहे, त्याचीही चूल आहे. पण मधल्या व्यापाऱ्याला मागून ४५ दिवस आणि पुढून १८० दिवस अशी ओढ बसते. यावर आम्हाला एकच इलाज दिसतो. उत्तरेकडच्या प्रत्येक बिलातून शेकडा दोन रुपये बाजूला काढून वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि त्यांना हात लावू नये. बर्फ वेळेवर पडला तर ती बचत. लवकर पडला तर त्यातून आधी कारागिरांची मजुरी द्यावी, मग लहान मागवाल्याचे देणे, आणि आपला नफा सर्वात शेवटी.

माल पाठवताना

काही गोष्टी माल निघण्याआधीच सांभाळता येतात. कांदिवलीहून श्रीनगर दोन हजार किलोमीटरहून लांब आहे, आणि वाटेत गठ्ठा गाडी बदलतो. थंडीचा माल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खोऱ्यात पोहोचेल अशा बेताने पाठवावा. सर्व माल एका बिल्टीवर न पाठवता दोन खेपा कराव्यात, म्हणजे एक अडकली तरी दुसरीवर दुकान चालते. ताटाच्या आत जाड प्लॅस्टिकचा थर द्यावा. बर्फ ताडपत्रीवर वितळतो आणि पाणी शिवणीतून आत जाते. भिजलेला गठ्ठा तसाच ठेवल्यास बुरशी धरते आणि रंग एकमेकांना लागतात, म्हणून तो उतरताच उघडून सावलीत वाळवावा, हे पार्टीला आधीच कळवावे.

विम्याबाबत आपल्या समाजात मतभेद आहेत, तो विषय उलेमांचा. ज्यांनी वाहतुकीचा विमा घेतला आहे त्यांनी तो नीट वाचावा एवढेच म्हणू. माल भिजल्याची भरपाई पॉलिसीच्या प्रकाराप्रमाणे मिळू शकते. मात्र गाडी रस्त्यात अडकली, माल उशिरा पोहोचला आणि हंगाम गेला, हे नुकसान अशा विम्यात सहसा धरत नाहीत. लवकर पडलेल्या बर्फात आपले खरे नुकसान नेमके हेच असते.

एक चांगली गोष्टही घडली आहे. चिनाब नदीवरील पुलाचे ६ जून २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि खोरे रेल्वेने देशाशी जोडले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिली मालगाडी अनंतनागला पोहोचली. त्याच सुमारास अतिवृष्टीने महामार्ग बंद पडून सफरचंदांचे ट्रक रस्त्यात सडू लागले, तेव्हा सप्टेंबरात बडगामहून दिल्लीला फळांची पार्सल गाडी सोडण्यात आली. फळ जाते तर कापडही येऊ शकेल. आमच्या व्यापारी मंडळांनी ट्रान्सपोर्टवाल्यांच्या भरवशावर न राहता रेल्वेच्या पार्सल दरांची चौकशी आतापासून करावी.

शेवटी एक गोष्ट. ज्यांचा काश्मीरशी व्यवहार नाही त्यांनी हे परक्या मुलखाचे प्रकरण समजू नये. २६ मे २०२५ रोजी मुंबईत मान्सून आला, नेहमीच्या तारखेपेक्षा सोळा दिवस आधी. इतक्या लवकर तो येथे पूर्वी कधी आल्याची नोंद नव्हती. बकरी ईद अवघ्या बारा दिवसांवर होती. स्टेशनबाहेर आणि रस्त्याच्या कडेला ईदचे कपडे मांडून बसलेल्या आपल्याच भावांचा माल त्या सोमवारी भिजला. त्यांच्यापैकी कित्येकांनी तो माल आमच्यासारख्या दुकानदारांकडून उधारीवर उचलला होता. त्यांच्याकडे ना बिल्टी होती, ना विमा, ना वकील. होती ती फक्त आमच्या वहीतील एक ओळ.

ऋतू आता तारखा पाळत नाहीत. तारखा आपण पाळायच्या आहेत, आणि दुसऱ्याला त्या पाळणे अशक्य झाले तर नवी तारीख द्यायची आहे. दिवाळीनंतर शालींचे गाठोडे खांद्यावर घेऊन एखादा काश्मिरी भाऊ आपल्या दुकानाच्या पायरीवर टेकतो. त्याला चहा पाजताना एवढेच विचारावे, यंदा तुमच्याकडे बर्फ कधी पडला? त्याच्या उत्तरावरून आपल्याला वहीतल्या कोणत्या पानावर मोहलत लिहायची आहे ते कळेल.