माग आपला, सायझिंग परक्याचे

गेल्या वर्षी एका कंपनीने माझ्या दुकानाचे समाजमाध्यमावरील खाते कारण न सांगता बंद केले. दुकान उघडे, माल भरलेला. पण मेहनतीने जोडलेले गिऱ्हाईक एका रात्रीत तुटले. दाद मागायला समोर माणूसच नव्हता.

यावर तोड निघते आहे. २०१६ साली जर्मनीतून सुरू झालेल्या मॅस्टोडॉनवर कोणीही स्वतःचा सर्व्हर चालवू शकतो, आणि सर्व्हर बदलला तरी जोडलेली माणसे सोबत नेता येतात. ब्लूस्कायचे नियमही असेच खुले आहेत. मात्र तेथील बहुतेक कारभार एकाच कंपनीच्या यंत्रांवर चालत आला.

मागवाल्यांना यातील धोका समजावून सांगायला नको. माग आपला, सूत आपले. पण गावात सायझिंग एकाचेच असेल तर भाव तोच ठरवतो. म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये ‘फ्री अवर फीड्स’ या मोहिमेने ब्लूस्कायच्याच नियमांवर दुसरी, स्वतंत्र यंत्रणा उभारण्यासाठी तीन वर्षांत ३ कोटी डॉलर जमवण्याचे जाहीर केले.

खुले नियम कागदावर असून भागत नाही. यंत्रे, वीज आणि सांभाळणारी माणसे यांना पैसा लागतो. फुकटच्या जागेत मालकाची मर्जी चालते, हे आपण भोगले आहे. आपल्या व्यापारी संघटनांनी वर्गणी काढून एक सर्व्हर चालवून पाहावा. तोवर प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव व नंबर स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा. हे काम आजच करा.