गुळाच्या ढेपेचा धनी कोण?

दौंडचा ऊसपट्टा ही इंग्रजांची देणगी आहे, असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. खडकवासल्याचे धरण त्यांनी बांधले, मुठेचा उजवा कालवा दौंडकडे आणला, 1878 मध्ये दौंड–मनमाड रेल्वे सुरू केली. पाणीही त्यांचे, बाजारपेठही त्यांचीच, असा हा युक्तिवाद. घटना खऱ्या आहेत, निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

पाणी फुकट मिळत नव्हते. पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीवाला कालव्याकडे फिरकत नसे. पाणीपट्टीची खात्री उसाचीच, म्हणून दुष्काळनिवारणाच्या नावाने काढलेले पाटही उसाकडे वळले. रेल्वेने गूळ बाहेर नेला हे खरे, पण बंदरावर उतरलेली मॉरिशस-जावाची साखरही तिनेच देशात आत पोचवली. देशी साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला 1932 साली.

आणि भांडवल? ऊस वर्षभर रान अडवतो. बेणे, पेंड, बैल, मजुरी हा सगळा खर्च आधी, पैसा शेवटी. मधल्या काळात गाठ सावकाराशी. या मुलखात सावकारी किती जाचक होती, हे शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने 1874 मध्येच सावकारांवर बहिष्कार घालून दाखवले. पुढच्या मे महिन्यात सुपे गावात सावकारांविरुद्ध दंगा पेटला. जोखीम कुणब्याच्या माथी आणि श्रेय सरकारला, हा कुठला हिशेब?

हा धंदा उभा राहिला तो इथल्या माणसांच्या कसबावर. चुलवणात चिपाड सारणारा जाळव्या, भेंडीच्या पाण्याने रसाची मळी वर आणून काढणारा, पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी पाहणारा गुळव्या: काहील नेमकी कधी उतरवायची, हे कुठल्याही सरकारी खात्याने त्याला शिकवले नाही. चरकाच्या बैलांना कडबा लागे, मजुरांना भाकरी लागे. ही दोन्ही येत जिरायत रानातून. बागायत कधीच एकटी जगत नाही, कोरडवाहू शिवार तिला पोसत असते.

म्हणून दौंड आणि शिरूर या भीमेच्या दोन्ही काठांचा विचार एकत्रच व्हायला हवा. शिरूरच्या घोड धरणाला 1965 उजाडावे लागले, तेही स्वराज्यात. देणगीची भाषा आता पुरे. पाण्याच्या वाटपात कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी आणि जिरायत गाव यांचा वाटा आधी ठरवा. ज्यांच्या पुरवठ्यावर उसाची श्रीमंती उभी आहे, त्यांचा तो हक्कच आहे.