आधी कोणते पुस्तक?

गेल्या श्रावणातली गोष्ट. रोह्याहून माझ्या शाळेतल्या बाईंच्या सुनेचा फोन आला. बाईंचे वय आता एकोणऐंशी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या, तरी बारीक अक्षर त्यांना वाचवत नाही. म्हणून दुपारच्या चहापूर्वी अर्धा तास सून त्यांना वाचून दाखवते. हा नेम कित्येक वर्षांचा आहे.

"ताई, एखादे पुस्तक सुचवाल का?" एवढेच म्हणून ती थांबली. मग आवाज उतरवून तिने सांगितले, की पुण्याला नोकरी करणाऱ्या तिच्या लेकीने घरात आपले मन उघड केले आहे. ती पुरुषाशी लग्न करणार नाही. तिची जोडीदार एक मुलगी आहे. आजीलाही तिने स्वतःच सांगितले होते. त्या दिवसापासून बाई रात्र रात्र जागत होत्या, अर्ध्या जेवणावरून उठत होत्या आणि विषय निघाला की भिंतीकडे तोंड करून पडत होत्या. "कोणी समजवायला आले तर आईंना तो अपमान वाटेल," सून म्हणाली, "पण पुस्तकाचे त्या ऐकतात."

बाईंच्या आणि नातीच्या संमतीनेच मी हे लिहीत आहे. अशा विनंत्या अलीकडे आणखीही दोघातिघांकडून आल्या. म्हणून आजच्या लेखात समलिंगी व्यक्ती ज्यांच्या केंद्रस्थानी आहेत अशा मराठी कथा-कादंबऱ्या-नाटकांविषयी बोलू : ती कोणती, कशी मिळवावीत आणि वडीलधाऱ्यांच्या हाती कोणत्या क्रमाने द्यावीत.

क्रमाचा उल्लेख मी मुद्दाम करते, कारण त्यातच माझी चूक झाली.

मला पहिले नाव सुचले ते विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकाचे. १९८१ साली ते रंगभूमीवर आले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी मित्राची भूमिका केली. मित्रा म्हणजे सुमित्रा, महाविद्यालयात शिकणारी मुलगी. आपले मन पुरुषाकडे ओढ घेत नाही हे तिला उमगते, एका मुलीवर तिचे प्रेम जडते, आणि तिचा मित्र बापू ही सारी हकीकत आपल्याला सांगतो. मोठ्याने वाचायला नाटकासारखा सोयीचा प्रकार नाही, बाई तेंडुलकरांच्या वाचक, असा विचार करून मी पुस्तक पिशवीत टाकले, पेणहून गाडीत बसले आणि रोह्याला नेऊन दिले.

आठ दिवसांनी बाईंचाच फोन आला. "अगं, ही मुलगी शेवटी जीव देते. तुला हे ठाऊक होतं ना?"

ठाऊक होते. नाटक म्हणून ते मला इतके परिचित होते, की त्याचा शेवट एका आजीच्या कानी कसा पडेल याचा मी विचारच केला नव्हता. बाई पुढे म्हणाल्या, "आमच्या पोरीचं असंच व्हायचं का?" या प्रश्नावर मला तत्काळ उत्तर देता आले नाही.

दोष नाटकाचा नव्हता. एका एकट्या मुलीभोवतीचा समाज किती निर्दय होऊ शकतो, हे दाखवण्याचे धैर्य तेंडुलकरांनी केले. परंतु भयाने आधीच झोप उडालेल्या माणसाला पहिल्याच भेटीत ते भय खरे ठरल्यासारखे वाटते. आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते. आधी अंग सुकावे लागते, पांढरा हात द्यावा लागतो, रंग चढावा लागतो. पुस्तकांचेही तसेच आहे. 'मित्राची गोष्ट' अवश्य वाचावी, पण मन थोडे स्थिर झाल्यावर.

मग आधी काय द्यावे? त्या फोननंतर मी विचारपूर्वक जो क्रम लावला, तो आपल्यापुढे ठेवते.

पहिले पुस्तक कुटुंबीयांच्या आवाजातले असावे. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन केला. त्यांच्या 'मनाचिये गुंती' या पुस्तकात समलिंगी मुलामुलींच्या पालकांची आणि नातलगांची मनोगते आहेत. ही कादंबरी नव्हे; तरीही कथेकडे जाण्याची वाट तिथून सोपी होते. आपल्यासारखाच धक्का बसलेले, आपल्यासारखेच रागावलेले आईबाप बोलत आहेत असे ऐकले, की ऐकणाऱ्याचे एकटेपण कमी होते. बाईंनी यातले एक मनोगत दोनदा वाचून घेतले. कोणते ते सुनेने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही.

दुसरे पुस्तक सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी. मौज प्रकाशनाने ती २००६ साली काढली. पुण्यातले एक मध्यमवर्गीय घर. तिथे भाड्याने राहायला आलेल्या एका तरुणावर त्या घरातला मुलगा तनय आणि त्याची बहीण अनुजा असे दोघेही प्रेम करतात, आणि तो दोघांनाही सोडून जातो. तीच हकीकत आधी भाऊ सांगतो, मग बहीण. दुःख दोघांचे सारखेच. परंतु बहिणीच्या दुःखाची घराला दखल घ्यावी लागते. भावाच्या दुःखाचा घरात कोणाला पत्ताही लागत नाही. आजीआजोबांनी ही कादंबरी वाचावी ती एवढ्याचसाठी. बाई म्हणाल्या, "घर माणसांनी भरलेलं, आणि त्या मुलाला रडायला जागा नाही." कादंबरी फार जाडजूड नाही, हातात धरायला हलकी आहे. तिच्यावरचा २०२२ सालचा चित्रपट घरातल्या तरुणांनी पाहिला असेल. पण त्यातले घर केरळात नेले आहे. आपल्या ओळखीचे घर हवे असेल तर मराठी कादंबरीच वाचावी.

तिसरे, खिरे यांचीच 'पार्टनर' ही कादंबरी. समलिंगी मुलगा वयात येताना कोणकोणत्या प्रसंगांतून जातो, हे ती आडपडदा न ठेवता सांगते. काळजी घेणाऱ्या मधल्या पिढीने ती आधी स्वतः वाचावी. तिचा मोकळेपणा काही ज्येष्ठांना अवघड वाटेल. काहींना मात्र तोच हवा असतो.

यानंतर तेंडुलकर. शिवाय एक नाव ऐकण्यासाठी लक्षात ठेवावे : दिवंगत नाटककार चेतन दातार यांचे 'एक माधवबाग'. आपला मुलगा समलिंगी आहे हे कळलेली आई यात स्वतः बोलते. मोना आंबेगावकर यांनी त्याचे प्रयोग केले आहेत. जवळपास कुठे प्रयोग जाहीर झाला तर आईवडिलांना घेऊन जावे. आईच्या तोंडची भाषा आईला लवकर कळते.

आता ही पुस्तके शोधायची कशी? आपल्या तालुक्याच्या वाचनालयात जाऊन "समलिंगी विषयावरचे काही आहे का" असे विचारायला बहुतेकांची जीभ रेटत नाही. तसे विचारण्याची गरजही नाही. ग्रंथालयाची नोंद लेखकाच्या आणि पुस्तकाच्या नावाने असते. म्हणून दोन्ही नावे चिठ्ठीवर लिहून द्यावीत. लेखकाचे नाव विसरू नये, कारण नुसते 'पार्टनर' म्हटले तर हाती व. पु. काळे यांची कादंबरी पडेल. ती अतिशय लोकप्रिय आहे, पण तिची गोष्ट निराळी. 'मनाचिये गुंती' म्हटल्यावर तर कोणालाही ज्ञानेश्वरच आठवतील. पुस्तक नसेल तर ते घ्यावे अशी लेखी सूचना द्यावी. अशी सूचना करणे हा सभासदाचा हक्क आहे, आणि आपल्यामागून तेच पुस्तक शोधत येणाऱ्या अनोळखी वाचकावर तो उपकारही आहे.

वाचून दाखवणाऱ्यांसाठी तीन गोष्टी.

एक, शारीरिक जवळिकीचे वर्णन आले की सासूसमोर सुनेचा आवाज अडखळतो. अशा वेळी "इथली दोन पाने गाळू का?" असे सरळ विचारावे. बाईंनी या प्रश्नावर दिलेले उत्तर सुनेने हसत सांगितले : "मी चार मुलांची आई आहे. वाच."

दोन, पुस्तक संपल्यावर लगेच "आता पटले ना?" असे विचारू नये. पुस्तक ही गोळी नव्हे, की घेतल्यावर तासाभरात ताप उतरावा. बोलणे आपोआप निघते, आणि ते बहुधा पुस्तकातल्या माणसाविषयी निघते. तनयविषयी बोलणे हे नातीविषयी बोलण्यापेक्षा सोपे असते. त्या आडोशाने बरेच काही बोलून होते.

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. घरातल्या एखाद्या मुलाविषयी किंवा मुलीविषयी आपल्याला केवळ शंका असेल, तर त्याची परीक्षा घेण्यासाठी त्याच्या हातात असे पुस्तक देऊ नये. सांगायचे की नाही, कधी आणि कोणाला, हे त्याने ठरवायचे आहे. ज्याने सांगितले आहे त्याचे गुपितही त्याला न विचारता आत्या-मावश्यांपर्यंत पोहोचवू नये.

"आमच्या काळी असले काही नव्हते," असे पुष्कळ ज्येष्ठ म्हणतात. होते. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. आपल्या या पाक्षिकाने ज्यांच्यापुढे नतमस्तक व्हावे असे ते मासिक. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात मोकळी उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. तरीही कर्व्यांना दंड झालाच. म्हणजे आपल्या आईवडिलांच्या तरुणपणीही लोक हे प्रश्न पत्रातून विचारत होते, फक्त घरात विचारत नव्हते.

पुस्तकाने शंका निघतात, तशा काही शंका माहितीनेच निघतात. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. विवाहाची कायदेशीर मान्यता मात्र २०२३ च्या निकालाने दिलेली नाही. "औषधाने बरे करतो" म्हणणाऱ्याकडे मुलांना नेऊ नये. बरे करण्यासारखे तिथे काही नाही, आणि असे 'उपचार' करणे हा डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग ठरतो, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली कळवले आहे. वडीलधाऱ्यांची झोप आणि भूक मात्र आठवड्यांमागून आठवडे परतत नसेल, तर पुस्तकावर विसंबून न राहता आपल्या डॉक्टरांना दाखवावे.

'कोबाल्ट ब्लू' संपत आली तेव्हा मी पुन्हा रोह्याला गेले होते. बाई ओटीवर बसल्या होत्या. बराच वेळ कुंडलिकेच्या पाण्याविषयी आणि पावसाविषयी बोलल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "आमच्या वेळी दोन शिक्षिका एकाच घरात बिऱ्हाड करून राहायच्या. तीस वर्षं राहिल्या. गाव त्यांना बहिणी-बहिणी म्हणायचं. एक गेली तेव्हा आम्ही सगळ्याजणी दुसरीला भेटायला गेलो, आणि 'मैत्रीण गेली, वाईट झालं' एवढंच बोलून चहा पिऊन परत आलो." त्या थांबल्या. "त्या कोण होत्या एकमेकींच्या, मला ठाऊक नाही. पण तिला नवरा गेलेल्या बाईसारखं कोणी जवळ घेतलं नाही, एवढं आठवतं."

त्या दोघींविषयी मलाही काही ठाऊक नाही, आणि तर्क करण्याचा अधिकारही नाही. परंतु वाचकहो, आपल्यापैकी काहीजण आज अशाच एखाद्या अविवाहित ज्येष्ठाची शुश्रूषा करत असाल. त्यांना भेटायला येणारा जुना मित्र किंवा मैत्रीण असेल, तर दोघांना खोलीत थोडा वेळ निवांत बसू द्यावे. कोणतेही प्रश्न न विचारता एवढे करता येते.

गणपतीला बाईंची नात एकटीच आली. बाईंचे मन पूर्ण निवळले आहे असे मी म्हणणार नाही. जोडीदारणीचे नाव त्या अजून घेत नाहीत. पण 'कोबाल्ट ब्लू' त्यांनी उशाशीच ठेवली होती, निळ्या धाग्याची खूण घालून. शेवटची काही पाने त्यांनी सुनेला वाचू दिली नव्हती. नातीने पुस्तक पाहिले आणि विचारले, "आजी, हे कोण वाचतंय?"

"मी," बाई म्हणाल्या. "थोडं राहिलंय. चष्मा लाव आणि पुढचं तू वाच."