आहाराचा रोजमेळ

रात्री गल्ला मोजल्याशिवाय कोणताही व्यापारी शटर खाली ओढत नाही. रोजमेळात दहा रुपयांचा फरक लागला, तरी तो सापडेपर्यंत त्याला चैन पडत नाही. मात्र त्याच व्यापाऱ्याला आज किती कप चहा झाला असे विचारले, तर उत्तर अंदाजानेच मिळते : 'असतील दोन-तीन.' वाढत्या वजनाचे मूळ पुष्कळदा या न लिहिलेल्या नोंदींत असते.

एका जिल्ह्याच्या गावातील कापड दुकानदाराचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. वय चोपन्न, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या वरचा घेर धोक्याचा मानला जातो; स्त्रियांसाठी ही मर्यादा ८० आहे. रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ निघाला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा टप्पा. त्यांच्या वडिलांचा पाय याच विकाराने गेला होता आणि अखेरची सहा वर्षे त्यांना पेढीची पायरी चढता आली नव्हती. अहवाल हाती आला त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही.

त्यांनी यापूर्वी प्रयत्न केला नव्हता असे नाही. आदल्या वर्षी पर्युषणात अठ्ठाई केली, तेव्हा वजन चार किलोंनी उतरले. दिवाळीच्या फराळापर्यंत ते व्याजासह परत आले. यात दोष तपाचा नाही. उपवासाचे प्रयोजन कर्मनिर्जरा हे आहे. त्याला वजनकाट्यावर तोलणे हे तपालाही न्याय देणारे नाही. शिवाय दीर्घ उपवासात उतरलेल्या वजनात पाण्याचा व स्नायूंचाही वाटा असतो, आणि पारण्यानंतर जुन्याच सवयी परतल्या की वजनही परतते. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनानंतर लगेच ऊनोदरीचे नाव येते. भूक आहे त्याहून चार घास कमी घेऊन उठणे, हे ते तप. ते आठ दिवसांत संपत नाही. म्हणूनच देहाच्या दृष्टीनेही ते टिकाऊ ठरते.

डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यात काहीही बंद करण्यास सांगितले नाही; केवळ लिहिण्यास सांगितले. घरातील नोंद पत्नीने ठेवली, दुकानातील मुनीमजींनी रोजमेळाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने. तिसऱ्या संध्याकाळी मुनीमजी म्हणाले, "शेठ, आज गिऱ्हाइकांबरोबरचे चहा धरून नऊ झाले." शेठजींना ते पटेना, पण खुणा समोर होत्या.

आठवड्याची सरासरी निघाली सात चहा. प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे चौदा चमचे, सुमारे ७० ग्रॅम, २८० कॅलरी. महिन्याला दोन किलोंहून अधिक साखर एकटा माणूस केवळ चहातून घेत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार २,००० कॅलरींच्या आहारात अशी वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले. दुपारी चारच्या सुमारास मूठभर गाठिया-शेवेची दुसरी नोंद होती. तळलेल्या फरसाणाच्या ३० ग्रॅममध्ये दीडशेच्या आसपास कॅलरी असतात. ताटातील जेवण मात्र बेताचेच होते. तोटा किरकोळ खर्चात होता.

पहिल्या महिन्यात त्यांनी फक्त चहाला हात घातला. दिवसाला चार चहा, प्रत्येकी एक चमचा साखर. रोजच्या २०० कॅलरी वाचल्या. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. त्या हिशेबाने महिन्याला पाऊण किलो. देह पुढे काटकसर शिकतो आणि ही गती मंदावते, हे आधीच ठाऊक असलेले बरे; अन्यथा निराशा येते.

दुसऱ्या महिन्यात फरसाणाच्या जागी भाजलेले चणे व कमी तुपाचा खाकरा आला. स्वयंपाकघरात तेलाचा हिशेब झाला. चार माणसांच्या घरी पाच लिटरचा डबा महिन्यात संपत होता, म्हणजे माणशी रोज सुमारे तीन मोठे चमचे. डबा चार लिटरांवर आणताच माणशी रोज सत्तरएक कॅलरी कमी झाल्या. चवीत फरक जाणवला नाही. बटाटा-गाजर वर्ज्य असलेल्या घरी दुधी, दोडका, तोंडली, पडवळ यांनी ताटाचा अर्धा भाग भरता येतो. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, तेव्हा पोळ्यांची संख्या वाढण्याकडे कल असतो. त्या दिवशी अख्ख्या मुगाची, चवळीची वा चण्याची उसळ मोड न आणताही करता येते. प्रथिने मिळतात आणि पोट भरलेले राहते. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरी सोबत ताक तापवून कढी केली जाते.

तिसरा बदल अवघड होता. दुकान साडेनऊला बंद होई आणि जेवण दहाला. त्यांच्या मातोश्रींनी आयुष्यभर चौविहार पाळला होता. पेढीवर बसणाऱ्या मुलाने मात्र धंद्याच्या सबबीवर तो सोडला होता. सूनबाईंनी मार्ग काढला. सूर्यास्तापूर्वी भाकरी-भाजीचा डबा दुकानात येऊ लागला आणि तेवढी वीस मिनिटे मुलगा गल्ल्यावर बसू लागला. सकाळी देवदर्शनानंतर अर्धा तास चालणे, आठवड्यातून पाच दिवस, हेही जोडले गेले.

अशा लहान बदलांचे मोल मोजले गेले आहे. अमेरिकेतील, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांपुढे सात टक्के वजन घटवण्याचे व आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासातही आहार व व्यायामातील बदलांनी तीन वर्षांत हा धोका २८.५ टक्क्यांनी घटला.

या दुकानदाराचा मार्गही सरळ गेला नाही. चौथ्या महिन्यात भाच्याच्या लग्नात दोन किलो वाढले. पूर्वी अशा वेळी ते 'आता बुडालेच' म्हणून सारे सोडून देत. या वेळी पत्नी म्हणाली, "अहो, एका महिन्याची उधारी थकली म्हणून आपण पेढी बंद करतो का?" दुसऱ्या दिवसापासून वही पुन्हा सुरू झाली. सहा महिन्यांअखेर वजन ७७ किलो झाले, साखरेचा आकडा ५.८ वर आला. उंबरठा ओलांडून मागे येणे अद्याप बाकी आहे, पण दिशा बदलली आहे.

वाचकांनी प्रारंभ याच क्रमाने करावा. सात दिवस काहीही न बदलता तोंडात गेलेले सर्व लिहावे. मुलांच्या ताटातील उरलेला घास आणि पाहुण्यांसोबतचा पेढाही. मग सर्वांत मोठी एकच नोंद निवडून महिनाभर तेवढीच सुधारावी. वजन आठवड्यातून एकदा, एकाच वेळी पाहावे. ज्यांना मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी जेवणाची वेळ बदलण्यापूर्वी किंवा उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. साखर एकाएकी उतरणे हा मोठा धोका आहे.

वही नवी घेण्याचीही गरज नाही. रोजमेळाचे शेवटचे पान बहुधा कोरेच असते.